सोनखताची गोष्ट

मराठीतले काही शब्द असे आहेत की त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी ते घडवणाऱ्या माणसांचं कौतुक वाटतं. शहाणपणाचं, आणि थोडंसं चतुराईचंही! 'सोनखत' हा त्यातलाच एक. जनावराच्या शेणाचं ते शेणखत, शेळ्या-मेंढ्यांचं ते लेंडीखत, आणि माणसाच्या मैल्यापासून झालेलं ते... सोनखत. ज्या वस्तूचं नाव घ्यायलाही माणूस कचरतो, तिच्या गळ्यात थेट सोन्याचा दागिना घातला. (जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. पुढचा सगळा मजकूर याच विषयावर आहे.)

आता हा विषय मास्तरांना म्हातारपणी का सुचावा, असं आमच्या पुण्याच्या भाचीबाई विचारतीलच. त्याचं कारण पुढे येईल. आधी थोडा इतिहास. इतकी वर्षं शाळेत शिकवलं तर सवय सुटत नाही.

सोनखताची गोष्ट आपल्याकडे साधारण दीडशे वर्षांमागे पुण्यात नेता येते. मुठा कालव्याचं पाणी आलं, हडपसर-मांजरीकडे उसाची लागवड वाढली, आणि उसाला खत कमी पडू लागलं. दुसरीकडे पुणे नगरपालिकेपुढे शहराच्या मैल्याचं करायचं काय हा प्रश्न. तेव्हा मैला राखेत आणि कचऱ्यात मिसळायचा, उन्हात वाळवायचा आणि त्याचं खत विकायचं अशी सोय झाली. या खताला साहेब 'पुद्रेत' म्हणत. शब्द मूळचा फ्रेंच. सुरुवातीला शेतकरी हात लावायला तयार नव्हते. पण शेजाऱ्याचा ऊस कमरेला असताना ज्याचा डोक्यावर गेला, त्याच्याकडे बघून बाकीच्यांचा विटाळ हळूहळू ओसरला. उसाचे शेतकरी ते खत पैसे देऊन नेऊ लागले.

सरकारने १८८९ मध्ये विलायतेहून डॉ. व्होल्कर नावाचे शेतीचे रसायनतज्ज्ञ बोलावले. ते देशभर फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा मोठा अहवाल निघाला. त्यांच्या मते हिंदुस्थानचा शेतकरी अडाणी नाही, पण जळण नाही म्हणून त्याला शेण चुलीत घालावं लागतं आणि जमीन उपाशी राहते. शेण जळून जातं आणि गावाचा मैला वाया जातो, हे दुखणं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. चीन-जपानकडे मात्र मैला वाया घालवणं म्हणजे वेडेपणा समजत. १९०८ साली शांघायमध्ये एका ठेकेदाराने शहराचा मैला उचलायच्या हक्कासाठी ३१ हजार डॉलर मोजले होते. आपण उचलायला पैसे देतो, त्याने उचलू देण्यासाठी दिले!

पुढे इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून काडीकचरा, शेण, माती यांचे थर लावून खत करायची रीत बसवली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. या कामात त्यांच्याबरोबर यशवंत वाड नावाचे आपले मराठी शास्त्रज्ञ होते. १९३१ च्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत, पण आपल्याला हॉवर्ड ठाऊक असतात, वाड ठाऊक नसतात. असो. मग १९३९ च्या सुमारास बेंगळुरूला डॉ. आचार्य यांनी शहरचा कचरा आणि मैला चरांमध्ये थराथराने घालून, मातीने झाकून महिनोन् महिने कुजू देण्याची पद्धत काढली. पुढे देशातल्या कितीतरी नगरपालिकांनी ती उचलली.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. जवळच्या सिंदी गावात लोक रस्त्यावरच बसायचे. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सोबती सकाळी तिथे जाऊन मैला उचलू लागले. गांधीजी लंडनच्या डॉ. पूर यांचा दाखला द्यायचे. मैला खोल पुरू नका, नऊ ते बारा इंच मातीच्या थरात पुरा, कारण जमिनीच्या वरच्या थरात जे असंख्य सूक्ष्म जीव असतात तेच त्याचं खत करतात, असा त्यातला मुद्दा. पुढे १९४६ पासून विनोबा पवनारहून सुरगावला रोज पायी जायचे, खांद्यावर फावडं. हातातलं काम संस्कृत पंडिताचं नव्हे, तर गावच्या रस्त्यावरचा मैला झाकण्याचं. जवळजवळ दोन वर्षं हा क्रम चालला. आणि आपले गाडगेबाबा! त्यांचा खराटा तर अमरावती-अकोल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पण या विषयात ज्यांनी आयुष्य घातलं ते कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात मैला उचलायचं काम जात बघून दिलं जाई. अप्पासाहेब म्हणाले, ते काम मला द्या. सरकारने नाकारलं, म्हणून त्यांनी उपोषण आरंभलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली तेव्हा त्यांनीही डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. विचार करा मंडळी, एक माणूस उपाशी बसला तो कशासाठी, तर संडास साफ करायला मिळावा म्हणून! १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैला कोणाला उचलावाच लागू नये, त्याचं जागच्या जागी सोनखत व्हावं, अशा संडासाच्या खटपटीत ते अखेरपर्यंत होते.

इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. पुण्यातलं खत असो की बेंगळुरूचे चर, ते सोनं कोणाच्या डोक्यावरून आलं? मी तालुक्याच्या गावाला शिकत होतो तेव्हा घरांच्या मागच्या बोळात टोपलीचे संडास होते. सकाळी एक बाई यायच्या. पावसाळ्यात टोपली गळायची आणि त्यांच्या पदरावरून ओघळ यायचे. आम्ही मुलं नाक दाबून पळायचो. त्यांचं नाव काय होतं, कोणी विचारलंही नाही. मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, तिने डोक्यावरून मैला वाहणं बंद करा म्हणून सांगितलं. तरी कायदा व्हायला १९९३ उजाडलं, आणि तोही पुरा पडेना म्हणून २०१३ चा दुसरा कायदा आला. सोनखताच्या इतिहासाचं कौतुक करताना ही टोपली विसरता कामा नये. खत जमिनीला मिळालं, पण जंतांचे आणि जुलाबांचे रोग तिला मिळाले.

हे रोग म्हणजे मी मनाने सांगत नाही. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली (१९७४ पासून तिला आपण 'नीरी' म्हणतो). तिथल्या संशोधकांनी देशातल्या मैलापाण्याच्या शेतांवर काम करणाऱ्या मजुरांची तपासणी केली. १९७३ च्या सुमारास निष्कर्ष आले. मैलापाण्याच्या शेतात अनवाणी राबणाऱ्यांमध्ये हुकवर्मचं प्रमाण साध्या शेतमजुरांच्या सुमारे दुप्पट होतं, आणि मोठ्या जंतांचं त्याहून जास्त पटीने. हुकवर्मची अळी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. जंताचं अंडं तर भारी चिवट, ओल्या सावलीच्या मातीत ते वर्षानुवर्षं तग धरतं. मैला नीट कुजला, ढीग आतून तापून पंचावन्न-साठ अंशांवर काही दिवस राहिला, किंवा खड्डा बंद करून एक-दोन वर्षं हातच लावला नाही, तरच ते मरतं.

म्हणजे जुन्या लोकांचं सोनखत दोन अटींवर सोनं होतं. एक, वेळ. दुसरी, आत काय गेलंय ते ठाऊक असणं. भाकरी, भाजी, डाळ खाणाऱ्या माणसाच्या पोटातून जे आलं तेवढंच त्यात होतं. त्यावर राख, पालापाचोळा, माती. बस्.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. आमच्या धनजला आणि आजूबाजूच्या गावांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरोघरी संडास झाले. चांगलंच झालं, विशेषतः बायाबापड्यांची सोय झाली. सरकारने सांगितलं होतं दोन शोषखड्ड्यांचे बांधा. एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, वर्ष-दीड वर्षाने पहिल्यात काळं, वास नसलेलं खत. केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीला खड्ड्यात उतरून ते खत स्वतःच्या हाताने काढून दाखवलं होतं. अप्पासाहेबांना आनंद झाला असता. पण आपली जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते. शोषखड्डा शोषेल तर ना! म्हणून ज्याला परवडलं त्याने सिमेंटची मोठी टाकी बांधली. ती आठ-दहा वर्षांनी भरते, मग टँकरवाला बोलवायचा. तो नळी टाकून उपसतो आणि घेऊन जातो. कुठे? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, सोयाबीन-तुरीवाला, परवाच्या उन्हाळ्यात विचारत होता, "गुरुजी, थो टँकरवाला म्हंते फुकटात वावरात टाकून देतो. घरी जनावर राह्यलं नाही, शेणखत कुठून आनू? टाकू द्यू काय?" प्रश्न अगदी खरा आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, बैलाबरोबर उकंडा गेला. एक ट्रॉली शेणखताचा भाव विचारा म्हणजे कळेल. जमीन नुसत्या युरियावर किती दिवस तरणार? त्याच्या डोळ्यांसमोर सोनखतच होतं. माझ्याच वर्गात शिकलेला शब्द असेल.

पण टाकीतला गाळ म्हणजे सोनखत नव्हे, हे मी त्याला समजावलं. बंद केलेल्या खड्ड्यात सगळंच जुनं असतं. टाकीत मात्र दहा वर्षांपूर्वीचं आणि काल रात्रीचं एकत्र असतं. उपसताना सगळं ढवळून निघतं. म्हणजे वेळेची अटच मोडली. त्यात घरात कोणाला विषमज्वर असेल, कावीळ असेल, जंत असतील, सगळं ताजं ताजं वावरात. आणि वावरात पाऊस पडला की विहिरीत.

हे झालं गावाच्या टाकीचं. शहराचा गाळ ही आणखी वेगळी वस्तू आहे. शहराच्या गटारात नुसते संडास येत नाहीत. दवाखाने, मुलामा देणारे छोटे कारखाने, बॅटरीची दुकानं, रंगारी, धुण्याची पावडर, उरलेल्या गोळ्या-औषधं, सगळं येतं. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र काय करतं? पाण्यातली घाण काढून गाळात बसवतं. म्हणजे पाणी जितकं स्वच्छ, गाळ तितका घाण! जंतू मारता येतात, पण शिसं आणि कॅडमियम मरत नाही. ते मूलद्रव्य आहे, आठवीच्या पुस्तकातलं. अहमदाबादेत २०१९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्टच्या गॅमा किरणांनी रोज शंभर टन वाळलेला गाळ निर्जंतुक करायचा प्रकल्प सुरू झाला. चांगलं काम आहे. पण किरणांनी जंतू जातात, धातू तिथेच राहतात. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

अमेरिकेतली गोष्ट यासाठी मुद्दाम सांगतो. तिथे मिलवॉकी शहर १९२६ पासून गाळाचं खत पोत्यात भरून विकत होतं. पुढे गाळ समुद्रात टाकायला बंदी आली, न्यूयॉर्कचं टाकणं १९९२ मध्ये थांबलं, आणि एवढा गाळ न्यायचा कुठे? शेतात! पण 'गाळ' म्हटलं की लोक नाक मुरडतात. म्हणून त्या धंद्यातल्या लोकांच्या संघटनेने १९९१ मध्ये नवीन नाव ठरवलं, 'बायोसॉलिड्स'. १९९३ मध्ये त्याचे सरकारी नियम झाले. नऊ-दहा धातूंच्या मर्यादा घातल्या आणि बाकीच्या हजारो रसायनांचा विचार पुढे ढकलला. २०१८ मध्ये त्यांच्याच पर्यावरण खात्याच्या अंतर्गत तपासनिसांनी सांगितलं की गाळात सापडलेल्या ३५२ पदार्थांच्या सुरक्षिततेबद्दल खात्याकडे पुरेशी माहितीच नाही.

तोवर जॉर्जियातल्या ऑगस्टा शहराजवळच्या दोन दुग्धव्यवसायी कुटुंबांनी शहराने दिलेला फुकट गाळ वर्षानुवर्षं चाऱ्याच्या जमिनीत घातला होता. त्यांच्या गाई मेल्या, जमीन निकामी झाली. खटले चालले. २००८ मध्ये संघीय न्यायाधीशांनी एका कुटुंबाच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की शहराने दिलेले तपासणीचे आकडे विश्वासार्ह नव्हते. आणि मेन राज्यात तर शेतकऱ्यांच्या विहिरीत, दुधात, रक्तात अशी रसायनं सापडली जी निसर्गात मोडतच नाहीत. न चिकटणाऱ्या तव्यापासून पाणी न भिजणाऱ्या कपड्यापर्यंत सगळीकडे वापरलेली. त्या राज्याने २०२२ मध्ये शेतात गाळ पसरायला पूर्ण बंदी घातली. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच, २००३ मध्ये निर्णय घेऊन २००६ पासून बंदी सुरू केली होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मसुदा अहवालात म्हटलं की गाळात अशा दोन मुख्य रसायनांचं प्रमाण अब्जात एक भाग असलं तरी त्या शेतावर राहणाऱ्याला आणि तिथलं दूध-अंडं खाणाऱ्याला धोका संभवतो. अब्जात एक!

आता गंमत बघा. आपल्याकडे 'मैला' चे 'सोनखत' झालं, तिकडे 'गाळा' चे 'बायोसॉलिड्स' झालं. दोन्हीकडे नाव बदललं ते लोकांची किळस जावी म्हणूनच. मग फरक काय? आपलं नाव वस्तू बदलल्यावर आलं. वर्षभर कुजून, काळं होऊन, मातीसारखा वास आल्यावरच त्याला सोनखत म्हणत, त्याआधी तो मैलाच. तिकडे नाव आधी बदललं, वस्तू होती तशीच राहिली. नुसतं बारसं करून बाळाचं नाक सरळ होत नाही!

उलट टोकालाही जाऊ नये. सगळा मैला विष आहे असं म्हणून तो नदीत सोडणं हे काही शहाणपण नव्हे. स्फुरदाचा दगड आपण बहुतेक परदेशातून आणतो आणि तेच स्फुरद रोज नाल्यात सोडतो. व्होल्कर साहेबांचं दुखणं अजून बरं झालेलं नाही. जर्मनीने तर २०१७ मध्ये कायदा केला आहे की मोठ्या शहरांनी २०२९ पासून गाळातलं स्फुरद वेगळं काढायचं. आपल्याकडे वाई आणि सिन्नरला २०१८ च्या आसपासपासून टाक्या ठरावीक काळाने उपसून तो गाळ शुद्धीकरण केंद्रावर नेण्याची व्यवस्था झाली. वाईला तो तापवून भुकटी करतात. लहान गावं करू शकतात, म्हणजे आपणही करू शकतो.

आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा आहेतच. एका किलोत शिसं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा नको, पारा तर ०.१५ पेक्षाही नको. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती आणि चुनखडी असल्याने ती धातू घट्ट धरून ठेवते, पिकात लवकर जाऊ देत नाही, हे खरं. पण धरून ठेवते म्हणजे सोडतही नाही. ही अशी ठेव आहे की व्याज नातवंडांनी भरायचं आणि मुद्दल कधी काढताच यायचं नाही.

म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. स्वतःच्या घरचा बंद केलेला खड्डा, निदान वर्षभर, पाणी लागत असेल तर दोन वर्षं हात न लावलेला, त्याचं खत बिनधास्त वापर. कपाशीला घाल, संत्र्याच्या आळ्यात घाल, मातीने झाक. काढताना हातमोजे आणि पायात बूट. भाजीपाल्याला नको. टाकीचा ताजा उपसा मात्र वावरात नको, विहिरीजवळ तर मुळीच नको. तो आधी वाळवायचा, मग तुरीच्या काड्या-कुटार घालून ढीग तापू द्यायचा, आणि हे एकट्याने नव्हे, ग्रामपंचायतीने ठरवून करायचं. आणि शहराचा गाळ कोणी फुकट द्यायला आला तर आधी तपासणीचा कागद माग. कुठल्या तारखेचा, कुठल्या प्रयोगशाळेचा, कोणत्या ढिगाचा. सातबारा बघितल्याशिवाय आपण एक गुंठा घेत नाही, मग तपासणी बघितल्याशिवाय आपल्या गुंठ्यात दुसऱ्याचा गाळ का घ्यावा?

आणि आणखी एक. टाकी उपसायला कोणी माणूस आत उतरवू नका, कितीही घाई असली तरी. त्या टाकीत विषारी वायू असतो, एक श्वासही पुरतो. कायद्यानेही तो गुन्हा आहे. टोपलीवाल्या बाईंची सुटका व्हायला स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं गेली. तिच्या नातवाला आपण टाकीत उतरवायचं, याला काय म्हणायचं?

तुमच्या गावाकडे सोनखताला दुसरा काही शब्द होता का? कोकणातल्या, खानदेशातल्या वाचकांनी जरूर लिहावं. आणि तुमच्या गावचा टँकर उपसा कुठे नेऊन टाकतो, तेवढं एकदा चौकशी करून कळवा.